उत्तमराव गवईंची सही

उत्तमराव गवई आमच्या कार्यालयात सगळ्यांच्या आधी यायचे ते हवा भरून ठेवायला. मेहकरच्या एका जुन्या दगडी इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची विमा कंपनी भाड्याने होती. छतालगत बारा झरोके होते आणि प्रत्येकाला एक दोरी. जानेफळहून पहिल्या एसटीने येऊन उत्तमराव बाराही दोऱ्या ओढायचे आणि ऊन तापायच्या आत झरोके पुन्हा लावून घ्यायचे. मे महिन्यातही आमचा पंखा दोनवर चालायचा. कुणी मध्येच दोरीला हात लावला तर म्हणायचे, "राहू द्या. सकायची हवा कोंडून ठेवली त दुपारी कामी येते."

ते शिपाई, तेही ठेकेदारामार्फत. आवाज कधी चढवला नाही, पण साहेबांपुढे मान खाली घालून बोलतानाही मी त्यांना पाहिलं नाही. कुणी चहाचा कप टेबलावर तसाच सोडून गेलं, तर उचलायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "हा कप कोनाचा हाय? मालक सापडून नाई राह्यला."

मग मुख्य कार्यालयाला पर्यावरणाची उबळ आली. भाड्याच्या जागा नव्याने सजवायच्या आणि त्यांना हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळवायचं ठरलं. त्याला गुण लागतात. एसीचे गुण, दिव्यांचे गुण, नळाच्या तोट्यांचे गुण. ज्या भिंती आणि झरोके इतकी वर्षं फुकट गारवा देत होते, ते या कामासाठी नेमलेल्या सल्लागाराच्या यादीत कुठेच नव्हते. फॉल्स सीलिंग आलं, झरोके त्याच्या वर गडप झाले. खिडक्यांना न उघडणारी काच बसली. नकाशात मात्र त्या उघडणाऱ्या दाखवल्या होत्या. हे सगळं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

उत्तमरावांनी सल्लागाराला एवढंच विचारलं, "दोन झरोके राहू देता काय? लाइट गेल्यावर काय करसान?" सल्लागाराला त्यांच्या बोलण्याचं हसू आलं. जनरेटर येईल, म्हणाला. तो आलाच नाही. एप्रिलमध्ये भरदुपारी दोन तास वीज गेली आणि विम्याच्या कामासाठी साखरखेर्ड्याहून आलेली एक म्हातारी भोवळ येऊन पडली. उत्तमरावांनी तिला जिन्यात नेऊन बसवलं, फायलीने वारा घातला. शाखाधिकारी आम्हाला म्हणाले, हे बाहेर बोलू नका, प्रमाणपत्राची पाहणी तोंडावर आली आहे.

पाहणीआधी प्रत्येक कर्मचाऱ्याने एक इंग्रजी फॉर्म भरायचा होता. हवा कशी, उजेड कसा, तुम्ही समाधानी आहात का. उत्तमरावांना इंग्रजी येत नव्हतं. शाखाधिकाऱ्यांनी त्यांचा फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि काय लिहायचं तेही सांगितलं. मी लिहिलं. माझी बढती तेव्हा वरच्या टेबलावर होती, दुसरं काही कारण नाही. सही करताना उत्तमरावांनी विचारलं, "झरोक्याचं लिहिलं न, कुलकर्णी साहेब?" मी मान डोलावली. त्यांनी मराठीत, सावकाश सही केली.

पाहणीच्या दिवशी ते तपासणीसासमोर जाऊन उभे राहिले. झरोके बुजवलेत, खिडकी उघडत नाही, वीज गेली की इथे माणूस पडतो, हे त्यांनी सरळ सांगितलं. त्या माणसाने उठून खिडकीला हात लावायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. फाइल उलटली, उत्तमरावांचाच फॉर्म काढला आणि विचारलं, हवेबद्दल पूर्ण समाधानी असं तुम्हीच लिहिलंय, ही सही तुमची नाही का? उत्तमरावांनी त्यावरच्या शेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं अक्षर ते बावीस वर्षं पाहत होते.

"सही माहीच हाये," ते म्हणाले.

प्रमाणपत्राची पाटी दारावर लागली. पेढे वाटले. त्याच आठवड्यात ठेकेदाराने उत्तमरावांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि आम्ही सगळे, मी धरून, संगणकात डोकं खुपसून बसलो. नालायकपणाच तो.

दोन रविवार गेल्यावर मी जानेफळला त्यांच्या घरी गेलो. ते रागावतील म्हणून तयारी करून गेलो होतो. त्यांनी चहा पाजला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पाठवायची तक्रार लिहायला बसवलं. एकेक वाक्य स्वतः सांगितलं. माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. फॉर्म माझ्या हाताने भरला, हेही त्यात होतं. सहीसाठी मी पेन पुढे केलं, तर त्यांनी ते घेतलं नाही.

"माही सही झाली एकदा. आता तुमची करा."

मी केली. घरी येऊन तो कागद कपाटात ठेवला, उद्या पोस्टात टाकू म्हणून. बढतीनंतर टाकू म्हणून. उत्तमरावांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, कागद गेला काय? गेला, म्हणायचो. मग तेच मला धीर द्यायचे, येईन उत्तर, वेळ लागते.

यंदाच्या उन्हाळ्यात उत्तमराव गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, शांताबाई, आलेल्या पाहुण्यांसमोर मला घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हेच ते कुलकर्णी साहेब. ह्यायनं सोताची सही करून कागद पाठवला. आमचे हे लई सांगत जाय सगळ्यायले."

पाहुण्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो.