निळ्या खडूचा पैसा

तांब्याच्या पैशांची ती तीन पोती मला आजही जशीच्या तशी आठवतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण त्यामानाने किरकोळ. तरी ते वेगळं राहिलं, आणि त्याचं कारण मला फारसं शोभणारं नाही. नेहमीप्रमाणे यातही कुणाचं नाव लिहिणार नाही.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. देवळाली कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीचा, बाजार आमच्याच हद्दीत यायचा. ठाण्यात पेठकडची एक महिला हवालदार होती. तिच्याकडे मुद्देमाल खोलीचा कारभार होता, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू नोंदवून, सील करून कुलपात ठेवायच्या आणि त्यांचा जिम्मा सांभाळायचा. काम चोख. बोलणं कमी. ठाण्यात काही अडलं की लोक माझ्या केबिनकडे यायच्या आधी तिच्या टेबलाकडे जायचे. एकदा उपायुक्तांनी मासिक बैठकीत माझ्यादेखत तिचं कौतुक केलं, "हिला गुन्हे शाखेत घ्यायला पाहिजे," म्हणाले. मी मान हलवली आणि आतून जळलो. निरीक्षकाने हवालदाराचा हेवा करावा हे हास्यास्पद आहे, पण करत होतो.

एके सकाळी टपालात एक निनावी पत्र आलं. सुवाच्य अक्षर, दोनच ओळी. कॅम्पातल्या अमुक टेलरला जमिनीत गुप्तधन सापडलंय, जुन्या नाण्यांची तीन पोती त्याने घरात दडवली आहेत. जमिनीत सापडलेलं धन सरकारला न कळवणं हा गुन्हा आहे. पत्र खरं असेल तर प्रकरण मोठं होतं आणि वर्तमानपत्रात माझा फोटो येण्यासारखं होतं. हेही मनात आलंच.

नाण्यांतलं कळणारा पंच हवा होता. बाजारात चौकशी केली तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं : शहरातल्या द्वारका चौकाजवळ हार्डवेअरचं दुकान असलेला एक गृहस्थ. जुनी नाणी जमवण्यात त्याची हयात गेलेली. त्याला फोन केला. द्वारकेच्या चौकातून सुटून कॅम्पला यायला एरवी पाऊण तास मोडतो, हा पंचवीस मिनिटांत दारात. पंच व्हायचं म्हटलं की लोकांना अचानक गावाला जायचं असतं, घरात कुणीतरी आजारी पडतं. इतक्या तत्परतेने सही करायला आलेला पंच मी उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

टेलरमास्तर साठीचे, सडपातळ. जवानांचे गणवेश शिवण्यात आयुष्य गेलेलं. आम्हाला पाहून त्यांनी शिलाई मशीनवरून पायही काढला नाही, नुसते थिजले. मग पंचाकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, तू आलास? बरं झालं. सांग यांना, मी कुठून आणलं ते."

तेव्हा मला कळलं की हे दोघं तीस वर्षांचे मित्र. दर रविवारी एकत्र बसून नाणी पाहायचे.

"मला काय माहीत?" पंच म्हणाला. "मला विचारून थोडंच आणलंय तू."

पोत्यांत जुने तांब्याचे पैसे होते, इंग्रजांच्या काळातले. मास्तरांचं म्हणणं, नाशकातल्या एका तांबटाच्या विधवेकडून मोडीच्या भावाने किलोवर विकत घेतले. त्या ढिगातून एक एक पैसा भिंगाखाली धरून ते पाहत होते. दोन पोती पाहून झाली होती. तिसऱ्याच्या तोंडावर त्यांनी कापडाची पट्टी शिवली होती, "न पाहिलेले". शिवाय एक सुपारीची डबी होती, आत कापसावर एकच पैसा. त्या पैशाच्या सालासाठी या दोघांनी तीस वर्षं भंगाराची दुकानं पालथी घातली होती. साल कुठलं ते लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून भंगारवाल्यांना जेवायला वेळ मिळायचा नाही.

पंचनामा केला; सील करायला हवालदारबाई सोबत होती. पंचाने मांडी घालून तिसऱ्या पोत्यापाशी बैठक मारली, डबी हातात घेतली, पैसा उलटसुलट पाहिला, मूठभर पैसे काढून ताडून बघितले. दुसरा पंच पानवाला, तो दारातच उभा राहून घड्याळ पाहत होता. सगळं सील झालं, लाखेवर शिक्के बसले, सह्या झाल्या. मास्तर माझ्यामागे बाहेर आले.

"साहेब, युनिटमध्ये जायचा माझा पास या महिन्यात रिन्यू व्हायचाय. पोलीस केस झाली तर पास खतम. पास गेला की माझं मशीन बंद."

"चौकशीत काय ते निघेल," मी म्हणालो. हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा म्हणतो. ऐकणाऱ्याचं पोट त्याने भरत नाही.

चौकशीत दोन दिवसांत निघालं. तांबटाच्या विधवेने सरळ जबाब दिला. पूर्वी लोक जुने पैसे आणून वितळवायला द्यायचे, त्यांची भांडी व्हायची. तिच्या सासऱ्यांनी मात्र एक पिंप बाजूला ठेवलं होतं. "पैसा म्हणजे लक्ष्मी, तिला भट्टीत घालायचं नाय, असं म्हणायचे ते." ती आणखी एक गोष्ट बोलली. "ते द्वारकेवाले हार्डवेअरचे शेठ दहा वर्षं दर दिवाळीला यायचे. भाव पाडून मागायचे. हे म्हणायचे, मरेन पण त्याला देणार नाय. मास्तर आले, मी सांगितलेला भाव दिला, घेऊन गेले." नाण्यांवरही जमिनीतला हिरवा गंज नव्हता, भट्टीची काजळी होती. गुप्तधनाचा फुगा फुटला. माझ्या फोटोचाही.

मुद्देमाल परत घ्यायला मास्तर ठाण्यात आले. पावतीवर सही करण्याआधी त्यांनी डबी उघडली, भिंग लावलं आणि बाकावर बसले.

"हा माझा नाही."

पैसा तसाच होता, त्यावर इंग्रजांची तीच राणी. साल वेगळं. सीलं तर सगळी शाबूत. जप्त माल पोलिसांच्या ताब्यात बदलला गेला, तर ठाण्याची अब्रू जाते आणि ज्याच्याकडे चावी त्याची नोकरी. चावी हवालदारबाईच्या कमरेला होती.

आता जे लिहितो ते लिहायला मला निवृत्तीनंतरही बराच काळ लागला. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. सापडली एकदाची, असं वाटलं. मी तिला केबिनमध्ये उभं ठेवून तासभर प्रश्न विचारले. बसायला सांगितलं नाही. सील कुणी केलं, चावी कधी दिली, डबी किती वेळ हातात होती. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शांतपणे देत गेली आणि तिच्या त्या शांतपणाने मी आणखी चिडलो. शेवटी ती म्हणाली, "साहेब, माझा जबाब झाला असेल तर मास्तरांना एक विचारू?"

मास्तर बाहेर तसेच बसले होते. तिने विचारलं, "काका, इतके पैसे. एकदा पाहिलेला पुन्हा हातात येत नाय का? कसं ओळखता?"

मास्तरांनी खिशातून खडू काढला. कापडावर खुणा करतात तो, मेणाचा, निळा. "पाहून झाला की मागच्या बाजूला एक रेघ मारतो. शिलाईची सवय. या ढिगापासून सुरू केलं, डोळे थकतात आता."

"डबीतल्यालाही मारली होती?"

"हात आपोआप गेला बाई. रेघ मारली आणि मग साल दिसलं."

तिने डबीतला पैसा उलटा केला. मागे रेघ नव्हती. मला इतकंच दिसलं की रेघ नाही. तिला पुढचं दिसलं.

"मग हा न पाहिलेल्या पोत्यातला. पंचनाम्याच्या वेळी त्या पोत्यापाशी एकच माणूस बसला होता, साहेब. आणि त्याने इथून एक काढून डबीत ठेवला असेल, तर डबीतला खिशात नेला, नायतर..." तिने पोत्याकडे पाहिलं.

भर दुपारी ठाण्याच्या आवारात सतरंजी अंथरली, मास्तरांसमोर तिसरं पोतं ओतलं. नाण्यांतलं काही कळायची गरजच नव्हती, फक्त निळं शोधायचं होतं. ती गुडघ्यांवर बसून एक एक पैसा उलटत होती. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो आणि, खोटं कशाला बोलू, सापडू नये असंही एकदा वाटून गेलं. दोन तासांनी ती उठली. तळहातावर पैसा, त्यावर पुसट निळी रेघ. मास्तरांनी भिंग लावलं आणि ते तिच्या पायांकडे वाकले. तिने त्यांना अर्ध्यातच धरलं.

संध्याकाळी हार्डवेअरवाल्याला बोलावलं. चहा दिला. चौकशीला बोलावलेल्या माणसाने चहा गार होऊ दिला, की तो अर्धा बोललेलाच असतो. हा चहावर साय धरेपर्यंत कपाकडे बघत होता. मी रेघेचा पैसा टेबलावर ठेवला.

"मी चोरी केलेली नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. खिशात का घातला नाही?"

"मला तो नकोच होता. त्याच्याकडे नको होता, एवढंच." मग बांध फुटला. "दहा वर्षं मी त्या पिंपाच्या मागे. याला मीच सांगितलं पिंपाचं. आणि हा न सांगता उचलून घेऊन आला. पैसा सापडल्यावर पहिला फोन मलाच केला त्याने. फोनवर हसत होता, साहेब. तीस वर्षांत त्याला इतकं हसताना ऐकलं नव्हतं."

पत्रही त्यानेच लिहिलं होतं.

"खडूची रेघ दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. अंगठा फिरवला असता तर गेली असती." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "पण नाणं पुसायचं नसतं. अंगावरचा मळ, डाग, जे असेल ते तसंच ठेवायचं. पुसवलं नाही माझ्याच्याने."

मित्राच्या पोटावर मारायला निघालेल्या माणसाला नाण्यावर अंगठा फिरवणं जमलं नव्हतं. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी तो फार ओळखीचा वाटला.

मास्तरांनी तक्रार दिली नाही. पासच्या पडताळणीवर मी त्याच दिवशी सही केली. टेम्पोत पोती चढवायला मित्र पुढे झाला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "राहू दे. ही पोलिसांची मुलं चढवतील." पुढे त्यांचे रविवार सुरू झाले की नाही, मला ठाऊक नाही.

मग अहवाल लिहायची वेळ आली. आयुक्तांनी सविस्तर मागवला होता, आणि गुन्हे शाखेसाठी नावं मागवण्याचे तेच दिवस होते. तिला तिथे जायचं होतं, साऱ्या ठाण्याला माहीत होतं. मी दार लावून घेतलं आणि लिहिलं, "मुद्देमालाचे बारकाईने निरीक्षण करता सदर अदलाबदल उघडकीस आणली. कारवाईत पथकातील खालील अंमलदारांचे सहकार्य लाभले." खाली अकरा नावं, बक्कल नंबरासह. तिचं सातवं.

एकही शब्द खोटा नव्हता. नाव होतं तिथंच होतं, फक्त ढिगात होतं. प्रशस्तिपत्र मला मिळालं. गुन्हे शाखेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तिने ती यादी फळ्यावर पाहिली, अहवालाची प्रत तर तिनेच फायलीला लावली होती. पुढे ग्रामीण पोलिसांत बदली मागून गेली.

गुन्हेगार ओळखायला काय लागतं, असं लोक मला व्याख्यानांत विचारतात. मी अनुभव, निरीक्षण वगैरे सांगतो. या प्रकरणाने शिकवलं ते सांगत नाही. हेवा करणाऱ्याला काही मिळवायचं नसतं. समोरच्याचं हरवलं की त्याचं भागतं. कायद्यात याला कलम नाही, म्हणून तो माणूस सुटला. मीही सुटलो.

मागच्या वर्षी देवीच्या दर्शनाला निघालो असताना वणीच्या स्टँडवर ती बंदोबस्ताला दिसली. केस पांढरे झालेले, शिट्टी गळ्यात. मला पाहून तिने सवयीने सॅल्यूट ठोकला. मी म्हणालो, आठवणी लिहितोय, ते पैशांचं प्रकरण घेणार आहे, सगळं खरं लिहीन. एरवी कुणाचं नाव घालत नाही, पण या वेळी तुमचं घालू का?

ती म्हणाली,

"आता कशाला, साहेब? तेव्हा लागत होतं."

मग बस आली आणि ती उतरणाऱ्या माणसांना रांगेत लावायला निघून गेली.