बंद गाडीतली ऊब

गॅरेजवाल्यांच्या गल्लीत तिला सगळे वायरताई म्हणायचे. नवरा गेल्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान तिनं हिमतीनं चालवलं आणि त्यात नाव काढलं. हॉर्न वाजत नाही, वायपर मध्येच बसतो, दिवे आपोआप लुकलुकतात, असली दुखणी घेऊन लांबलांबून गाड्या यायच्या. पुढे तिच्या हातांना कंप सुटला. औषधं झाली, व्यायाम झाले, पण तारा डागायच्या सोल्डरगनचं टोक काही तारेवर टिकेना. एकदा वितळलेलं सोल्डर गिऱ्हाइकाच्या सीटवर सांडलं, तेव्हा तिनं शटर खाली ओढलं ते कायमचंच. त्यानंतर ती खिडकीशी बसून राहायची, आणि कुणी कामाबद्दल विचारलं की विषय बदलायची.

तिचा धाकटा भाऊ व्हॅन चालवायचा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना घरून दवाखान्यात न्यायचं, डायलिसिस झालं की परत आणायचं. हल्ली रोज सकाळी व्हॅनची बॅटरी उतरलेली असायची. नवी बसवली, तीही उतरली. गॅरेजवाल्यानं तपासलं नि म्हणाला, "बॅटरी उत्तम, चार्जिंग उत्तम. तुमच्या गाडीला दृष्ट लागलीय." ताईला विचारावं असं त्याच्या मनात कितीदा तरी आलं, पण तिच्या जखमेवर बोट कुणी ठेवायचं? मग एका सकाळी एक निवृत्त मास्तरीणबाई सुजलेल्या पायांनी फाटकाशी ताटकळत उभ्या राहिल्या. तो उशिरा पोचला, तेव्हा त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्याला ते फार लागलं. तो तडक बहिणीकडे गेला.

"ताई, गाडी बघतेस?"

"बघायला डोळे आहेत रे. करायला हात कुठून आणू?"

"माझे घे."

तिनं त्याच्या जाडजूड बोटांकडे पाहिलं. "हे? ह्या बोटांना सुईत दोरा ओवता येत नाही अजून!" पण ती हसली. तिला हसताना पाहून किती काळ लोटला होता, हे त्याला तेव्हा जाणवलं.

त्याच संध्याकाळी तिनं बॅटरी पूर्ण चार्ज करून बसवायला लावली आणि बजावलं, "सकाळी मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही."

सकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बसली. बॅटरीची काळी वायर सोडवून मध्ये मीटर जोडायला सांगितला, म्हणजे गाडी गुपचूप किती वीज पिते ते कळेल. फ्यूजपर्यंत हात पोचावा म्हणून चालकाचं दार उघडंच ठेवलं. फक्त त्याचं कुलूप पेचकसानं दाबून घेतलं, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटेल. भावाचं कपाळ घामेजलं होतं.

"घाबरू नकोस, चावत नाही. आता थांब. गाडीलाही झोप लागायला वेळ लागतो."

ते थांबले. आकडा थोडा उतरला आणि अडीच अँपिअरवर अडून बसला.

"झोपलेल्या गाडीनं याच्या चिमूटभरच प्यायला हवं," ती म्हणाली. "ही कुठेतरी जागी आहे."

तिचा पहिला संशय व्हॅनच्या आतल्या मागच्या दिव्यावर होता. तो बंद होतो का बघायला भाऊ मागे शिरला आणि दार ओढून घेतलं. दिवा गेला. पण दार आतून उघडेना. "ताई, दिवा बरोबर आहे, मीच अडकलोय!" शेजारणीनं येऊन त्याला सोडवलं.

"चला, चुकले मी," ताई म्हणाली. मग एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, फ्यूज परत बसवायचा. रेडिओ, पंखा, दिवे, सगळं झालं. आकडा हलला नाही. भावाचा धीर सुटत चालला होता. ताईचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे चोर फ्यूजच्या वाटेनं जातच नाही." ती उठली, बॉनेटखाली वाकली आणि थरथरता तळवा अल्टरनेटरवर ठेवला. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा तोच, आणि त्याची जाड तार फ्यूजच्या डबीला वळसा घालून थेट बॅटरीला जाते. "तू ठेव हात. आधी इंजिनावर, मग इथे."

इंजिन थंडगार होतं. अल्टरनेटर मात्र कोमट लागत होता, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा. भावानं हात झटकन मागे घेतला आणि पुन्हा हळूच ठेवला. कालपासून कुणी किल्लीला शिवलं नव्हतं. ना आवाज, ना दिवा, आणि तरी इथे वीज वाहत होती.

"आतला डायोड गेलाय," ती म्हणाली. "विजेनं एकाच दिशेनं जावं म्हणून ठेवलेला दारवान. तो फितूर झाला की भरलेली बॅटरी मागच्या दारानं रिकामी होते. गाडी चालते तेव्हा चार्जिंग चांगलंच दिसतं. आता मीटर सोडव, मग ही जाड तार काढ. उघडं टोक कापडात गुंडाळ."

त्यानं तसंच केलं आणि मीटर पुन्हा जोडला. अडीचचा आकडा जवळजवळ शून्यावर आला. तो कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिला.

"ताई, तुला दिसतं कसं गं हे?"

"दिसत नाहीच रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, अजून मलाही नवल वाटतं."

गल्लीतल्या कारागिरानं डायोड बदलून दिला. दुसऱ्या दिवशी व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली, आणि मास्तरीणबाई वेळेवर दवाखान्यात पोचल्या.

ताईनं दुकान काही पुन्हा उघडलं नाही. पण महिना सरायच्या आत एक टेंपोवाला दारात उभा राहिला. ब्रेक दाबला की त्याच्या टेंपोचा हॉर्न वाजायचा.

"बस आधी," ताई खुर्ची पुढे सरकवत म्हणाली. "पहिल्यांदा कधी वाजला, ते सांग."