निंबाखालची खुर्ची

आमच्या धुळ्यात नळ रोज येत नाही. येतो तेव्हा गल्लीला जत्रेची कळा येते. कोणीतरी ओरडतं, "नळ उना व!" आणि सगळ्या बायका आधी एकच काम करतात. घरातलं जुनं पाणी ओतून देतात. पिंप, हंडे, कळश्या, माठ, सगळं उपडं. का, तर म्हणे ते शिळं. सकाळी पिताना तेच पाणी गोड होतं, नवं आलं की शिळं झालं. एरवी पाणी पाणी करत दिवस काढायचे आणि नळाच्या दिवशी गटार भरभरून वाहू द्यायची! लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, तो अजून थांबलेला नाही.

मुळात मला शांत बसता येत नाही. दिवा उगाच चालू दिसला की उठते, तोटी टपकली की उठते, भाजीवाल्याने प्लॅस्टिकची पातळ पिशवी काढली की त्याच्याशी हुज्जत घालायला बाहेर जाते. घरात मला इन्स्पेक्टर म्हणतात. जेवताना हिचं बूड कधी टेकलेलं पाहिलं नाही, असं सासूबाई येईल त्याला सांगतात. सासूबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणतो. त्या पिंपळनेरकडच्या खेड्यातल्या. लहानपणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहिलेलं, तरी शिळं पाणी ओतायला सगळ्यांत पुढे त्याच. "बठ्ठं फेकी दे, शिळं शे," म्हणत त्या हंडा उचलायच्या आणि मी दुसऱ्या बाजूने काठ धरून ठेवायची.

म्हणून मी दारासमोर निंब लावला. म्हटलं, ओतायचंच आहे ना, मग इथे ओता. बायकांना ते पटलं, कारण कोणाला काही सोडायचं नव्हतं, फक्त गटारीच्या अलीकडे थांबायचं होतं. नळाच्या दिवशी निंबाच्या आळ्यापाशी हंड्यांची रांग लागायची. झाड बघता बघता गच्चीला लागलं. उन्हाळ्यात भाजीवाला गाडी तिथेच लावायचा आणि शेजारच्या म्हाताऱ्या तिथे शेंगा फोडत बसायच्या. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला पूर्ण जमली होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

मग समोरच्या नानांनी मोठी गाडी घेतली. नाना निवृत्त माणूस, बोलायला अगदी गोड. गाडी त्यांच्या फाटकातून आत जाईना, म्हणून ती निंबाखाली आली. आली ती आली, वर निंबाच्याच तक्रारी सुरू. निंबोळ्या पडतात, कावळे घाण करतात, मुळं उद्या टाकीत शिरतील. "वहिनी, हे काढून टाकू, दुसरीकडे दोन लावू," नाना म्हणाले. मी भांडले. ते हसत राहिले आणि एक दिवस कुऱ्हाडवाला झाड बघून गेला.

अक्का आतून सगळं ऐकत होत्या. एका मंगळवारी सकाळी दार उघडते तर बुंध्याशी एक वाटोळा दगड, शेंदूर लावलेला, पुढे नारळ आणि उदबत्ती. अक्का पदराला हात पुसत उभ्या. "आते दखू कोन हात लावस!"

नाना बाहेर आले. त्यांनी गाडी काढली, मग चप्पल काढली आणि हात जोडले. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसले.

हे हसू पुढच्या नळापर्यंतच टिकलं. बायका हंडे घेऊन बाहेर आल्या आणि सरळ गटारीवर गेल्या. "अहो, झाडाला घाला ना!" मी ओरडले. शेजारीण थबकली. "काय व माय, देवले शिळं पानी कोनी देस का?"

आता निंबाला मिळायचं तांब्याभर ताजं पाणी, हळदकुंकू, वर दूध आणि शनिवारी तेल. आळं चिकट झालं, मुंग्या लागल्या. पुढे नानांनाच वाटू लागलं की देव मातीत बसलेला बरा दिसत नाही. सिमेंट त्यांनी आणलं, गवंडीही त्यांनीच आणला. ओटा झाला, फरशी थेट बुंध्याला भिडली. मी म्हटलं, हातभर जागा सोडा, मुळांना पाणी जाऊ द्या. "वहिनी, देवाच्या कामात खोडा घालू नका," नाना म्हणाले, आणि गल्लीने माना डोलावल्या. मी घरात येऊन भांडी आपटली.

फाल्गुनात निंब झडला. तो दरवर्षीच झडतो. पण चैत्र लागला तरी पालवी आली नाही. पाडव्याला दारात निंब असून गुढीसाठी डहाळी मी बाजारातून विकत आणली आणि ती बांधताना मला रडू आलं. नंतर मला घरात करमेना. सारखी बाहेर जाऊन फांदीला नख लावून बघायची, आत हिरवं आहे का. खालच्या फांद्या कटकन मोडत होत्या. वर कुठेतरी अजून ओल होती. शेवटी एका दुपारी गहू निवडत बसलेल्या अक्कांना मी म्हणालेच, "अक्का, तुमच्या देवाने झाड खाल्लं."

त्या उठून बाहेर गेल्या. देवासमोर उभ्या राहिल्या. सावलीचं नाव नव्हतं. त्यांनी दगडाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गल्ली गोळा केली, नारळ फोडला आणि देव उचलून ताटात घेतला. नाना धावत आले. "अक्का, हे काय करताय?"

"सपनमा उना तो," अक्का म्हणाल्या. "म्हने, माले आठे ऊन लागस. माले घर लई चाल."

नानांनी वर पाहिलं. वर नुसत्या काटक्या होत्या. देव आमच्या तुळशीपाशी आला आणि दुपारी मी माणूस लावून ओटा फोडला. छिन्नीचा प्रत्येक घाव कानाला गोड लागत होता. खालची माती पिठासारखी कोरडी निघाली. पुढच्या नळाला सगळ्या गल्लीने शिळं पाणी निंबाला घातलं. देव गेला होता, आता चालत होतं.

काही दिवसांनी तांबूस पालवी फुटली, पण एकाच बाजूला. तेवढ्यात नानांची गाडीही परत आली. आधी कडेला, मग सरकत सरकत थेट त्या मोकळ्या केलेल्या मातीवर. "आता देव नाही ना तिथे," नाना म्हणाले. "आणि अर्धं तर वाळलंच आहे. काढूनच टाकू."

गाडी बाजारात गेल्यावर अक्कांनी गच्चीवरची खुर्ची खाली आणली. घरात प्लॅस्टिक नको म्हणणाऱ्या माझ्या घरातली ती एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची. ती त्यांनी निंबाच्या बुंध्याशी रोवली. "देव घर गया. आते मी बसस."

आणि त्या बसल्या. सकाळी चहा झाला की बसायच्या, दिवेलागणीला उठायच्या. म्हाताऱ्या बाईला ऊठ म्हणायची नानांची छाती झाली नाही. मी आतबाहेर करत टोपी, पाणी, पंखा नेऊन देत राहिले. आज त्यांचे गुडघे इतके सुजले की खिडकीजवळच्या पलंगावरून उतरता येईना.

"आज तू बस," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझं वरण गॅसवर आहे, कपडे भिजलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले बसता तरी येस का?"

मी बसले. पाठीत घाम, पायाला मुंग्या. आत कुकर शिट्ट्या मारत होता, कोणाची तरी तोटी टपकत होती. आज बसेन, उद्याही बसेन, पण असं किती दिवस? मी उठणार एवढ्यात नानांची गाडी वळणावरून आली, माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली आणि हॉर्न वाजला.

मागे खिडकीतून अक्कांचा आवाज आला, "उठू नको व."

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.