खुंटीवरचा पट्टा

बुटाच्या पॉलिशचा वास आला की बाबांचा लष्करी पट्टा आठवतो. लढाईत त्यांनी राखायला दिलेलं सीमेवरचं गाव शत्रूच्या हाती दिलं, असा आरोप होता. खटला संपेपर्यंत पट्टा काढून घेतला होता. काडतुसं संपली होती हे लष्करी कोर्टाने मानलं, बाबा निर्दोष सुटले आणि पट्टा परत मिळाला. आईने सदाशिव पेठेत घरोघर पेढे वाटले. शेजारचे काका घरी आले, पेढा तोंडात टाकून म्हणाले, “झकास! पण अहो, गाव गेलंच ना?” बाबा दमलेल्या आवाजात म्हणाले, “गेलं,” आणि डबा पुढे सरकवला, “घ्या आणखी.” मग त्यांनी पट्टा खुंटीला अडकवला, तो कायमचा. आता मी त्याला पॉलिश करतो. चामडं चकाकतं, पण खुंटीने पडलेला बाक काही जात नाही.