चौथ्या नंबरची वही

फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा पीत बसलो होतो. शुक्रवारची सकाळ. आनेकलच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. “सर, मिस होगबिट्रु,” एवढंच त्या कन्नडमध्ये म्हणाल्या आणि रडू लागल्या. मिस गेल्या. त्यांची मिस म्हणजे माझी अक्का. मैदानावर फक्कीच्या रेषा मारायला रोज सगळ्यांच्या आधी हजर असणारी अक्का त्या दिवशी आली नाही, म्हणून त्या तिच्या खोलीवर गेल्या होत्या. झोपेतच हृदय थांबलं होतं... दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तिच्या वर्गात जाणार होतो. म्हणजे, जाणार नव्हतो. आदल्या संध्याकाळीच फोन करून मी अंग काढून घेतलं होतं. “अक्का, गुडघा धरलाय गं, बसमध्ये चढवत नाही.” “सरी, बरं,” ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी ये. स्वल्प तेल लाव.” खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी माझा गुडघा अजिबात दुखत नव्हता. थोरल्या बहिणीशी झालेलं माझं शेवटचं बोलणं खोटं होतं, आणि हेच खोटं मी तिच्याशी पंचेचाळीस वर्षं बोलत आलो होतो.

आमचे अप्पा निपाणीकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून बेंगळुरूला आले आणि कारखान्याच्या वसाहतीतच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि संध्याकाळी मैदानावर दोन्हींची खिचडी. शैलजा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण तिला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती कायम अक्काच. आम्ही दोघंही आठशे मीटर धावायचो. धावायचो म्हणजे, ती धावायची आणि मी तिच्या वेणीवर नजर ठेवून मागून जायचो. वेणी डोळ्यांसमोर असली की माझा दम टिकायचा. ती वळणावर दिसेनाशी झाली की पाय जड व्हायचे. ती माझ्यापेक्षा चांगली धावपटू होती. यात नम्रता वगैरे काही नाही, घड्याळच तसं सांगायचं. पण मी मुलगा, त्यात धाकटा, त्यामुळे कौतुक माझ्या वाट्याला जास्त यायचं. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, हेही लिहून टाकतो.

ती सतरा वर्षांची असताना राज्याच्या शिबिरासाठी वसाहतीतून दोन नावं निवडली गेली, तिचं आणि माझं. महिनाभर परगावी राहायचं, खऱ्या प्रशिक्षकांकडून शिकायचं, शेवटी निवड चाचणी. नेमकं त्याच महिन्यात आईचं ऑपरेशन ठरलं. घरात स्वयंपाकाला आणि आईच्या उठबशीला कुणीतरी हवं होतं. अप्पा जेवता जेवता म्हणाले, “सुध्या जाऊ दे. अक्का पुढच्या वर्षी जाईल.” पुढच्या वर्षी ती वयोमर्यादेच्या बाहेर जाणार, हे अप्पांना माहीत नव्हतं. अक्काला माहीत होतं, मलाही माहीत होतं. दोघंही बोललो नाही. तिनं आमटी वाढली... आणि रात्री माझी पिशवी भरताना शिबिरासाठी स्वतःला आणलेले नवे पांढरे मोजे माझ्या कपड्यांत सारले. “तुला बसतील,” म्हणाली. बसले.

शिबिराबद्दल मी आजवर कुणालाच नीट सांगितलेलं नाही. पहाटे मैदानावर हजेरी व्हायची. कुणी यादी दुरुस्त केलेली नव्हती, त्यामुळे आमच्या वसाहतीची पाळी आली की आधी तिचं नाव पुकारलं जायचं, “शैलजा हुद्दार!” आणि सगळे इकडेतिकडे बघायचे. मग मीच म्हणायचो, “आली नाही.” त्यानंतर माझं नाव. रोज. सरांना मी एकदा सांगितलं की ती येणारच नाही, तर ते म्हणाले, येईलही, राहू दे नाव. तिथली मुलं माझ्यापेक्षा कितीतरी तयारीची होती. पहिल्याच सरावात मी शेवटून दुसरा आलो, नंतर शेवटचा यायला लागलो. पुढे वेणी नव्हती. चाचणीला किती दिवस उरले ते मी रोज मोजायचो, आणि दहाव्या दिवशी मी मैदानावर बसकण मारून म्हणालो, गुडघा गेला. बाराव्या दिवशी लंगडत घरी. दार अक्कानं उघडलं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, हातातली पिशवी घेतली, आणि आत जाऊन तेल गरम करायला ठेवलं. पुढे दोन आठवडे ती रोज संध्याकाळी, आईचं सगळं आवरून झालं की, माझा गुडघा चोळून द्यायची. एकदा मी गप्पांच्या नादात दुसराच पाय पुढे केला. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिची बोटं जराशी थांबली होती. मग तिनं तोही तितक्याच मायेनं चोळला. तिच्या काही ध्यानात आलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. पंधरा वर्षांचा होतो, ठीक आहे. पण साठीपर्यंत तीच समजूत घालत राहिलो, त्याला काय म्हणायचं?

त्या गुडघ्यानं मला जन्मभर पोसलं. ऑफिसच्या क्रीडादिनी मी खुर्चीवर बसून तरुण पोरांना सांगायचो, “गुडघ्यानं घात केला, नाहीतर...” ते ‘नाहीतर’ वर्षागणिक लांबत गेलं. लग्नात बायकोला सांगितलं, नंतर मुलीला सांगितलं, जड पिशव्या उचलायच्या वेळी तर आवर्जून सांगितलं. अक्का समोर असली तरी सांगायचो. ती शेंगा सोलत ऐकायची आणि एका शब्दानं मला कधी अडवायची नाही. गंमत म्हणजे गेल्या दोन वर्षांपासून उजवा गुडघा खरोखर दुखतो. डॉक्टर म्हणाले झीज आहे. बायको हसली, मला हसू आलं नाही.

अक्का इंग्रजी शिकवायला आनेकलच्या शाळेत लागली ती तिथेच राहिली. लग्न केलं नाही. बस स्टँडजवळ दोन खोल्या, आणि पहाटे शाळेमागच्या मैदानाला दहा फेऱ्या, एकटीनं, अगदी शेवटपर्यंत. शेतकऱ्यांची आणि कारखान्यातल्या कामगारांची मुलं तिच्याकडे यायची. इंग्रजी म्हटलं की त्यांचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. पाठ्यपुस्तकात विजेत्यांचे धडे असायचे, मुलं ते पाठ करायची आणि विसरायची. तेव्हा तिनं शनिवारचा वर्ग सुरू केला. “पहिल्या तिघांचं पुस्तकात असतंच रे,” ती मला म्हणाली होती. “चौथ्याचं कोण लिहिणार?” दर शनिवारी खेळात कधीतरी हरलेलं, मागे राहिलेलं एक माणूस वर्गात यायचं. पाहुणा मुलांच्या बुटक्या बाकावर बसणार आणि प्रश्न विचारणारं मूल मिसच्या खुर्चीवर, हा तिचा नियम. उत्तरं छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत द्यायची, येतील तशी, आणि मुलं त्यातून त्या माणसाचं चरित्र एका जाड वहीत लिहायची, शेजारी चित्र काढायची. शेवटचा प्रश्न मात्र मिसचा. त्या वेळी मूल खुर्चीवरून उठायचं आणि ती बसायची.

त्या वर्गात एक बस कंडक्टर येऊन गेला, जिल्ह्याची कुस्ती हरलेला. कॅन्टीनमध्ये काम करणारी एक बाई येऊन गेली, कबड्डीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी जिची बस चुकली होती. चिकपेटेतले एक शिंपी मेट्रो आणि दोन बस बदलून आले. जन्मभर इतरांच्या संघांसाठी जर्सी शिवणारे, स्वतः राखीव गोलरक्षक म्हणून बाकावरच बसून राहिलेले. त्यांच्यावर एका मुलानं लिहिलेली चार वाक्यं अक्कानं मला फोनवर वाचून दाखवली होती. “ही मेड ट्वेंटी शर्ट्स. ही वोअर वन. इट वॉज क्लीन. ही वॉज सॅड.” आणि वर म्हणाली, “बघ, सुध्या, शर्ट स्वच्छ राहिला म्हणून माणूस दुःखी. हे मी शिकवलेलं नाही, हे त्याचं त्याला दिसलं!” आणि मग नेहमीप्रमाणे, “तू कधी येतोस? तुझं पान मी राखून ठेवलंय.”

तिचं ते ‘कधी येतोस’ मी वर्षानुवर्षं टोलवलं. मुलीची परीक्षा, ऑफिसचं ऑडिट, रिंग रोडचं ट्रॅफिक, आणि काहीच सापडलं नाही की गुडघा. मला भीती मुलांची होती. ऑफिसातल्या पोरांना ‘नाहीतर’वर गुंडाळता येतं, पण छोट्या वाक्यांत खोटं बोलणं फार अवघड असतं. आणि अक्का समोर उभी असणार... मी खोटं बोललो असतो तर तिनं ऐकून घेतलं असतं, हेच मला सोसवणारं नव्हतं. ती काही रागावून बसली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, एकदा भांडून मोकळे तरी झालो असतो.

तेराव्याला मुख्याध्यापिका घरी आल्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, “सर, मुलं अजून शनिवारी बाक मांडून ठेवतात. कुणी येत नाही. तरी मांडतात.” त्यानंतरही तीन शनिवार मी घरातच येरझाऱ्या घातल्या. चौथ्या शनिवारी आनेकलची बस धरली. उजवा गुडघा खरोखर ठणकत होता, आणि या वेळी ते सांगायला कुणी नव्हतं.

वर्ग आहे तसाच होता. खिडकीत फक्कीची बादली, कपाटाला टेकवलेली तिची छत्री, फळ्यासमोर तिची वेताची खुर्ची. मी बुटक्या बाकावर बसलो, गुडघे जवळजवळ हनुवटीला. सातवीतली भाग्या नावाची मुलगी ती जाड वही घेऊन खुर्चीवर बसली आणि तिनं पान उघडलं. वर माझं नाव होतं, खाली अक्काच्या गोल अक्षरात नऊ प्रश्न. पान मळलेलं होतं, शाई फिकटलेली. केव्हा लिहून ठेवले होते कोण जाणे. भाग्यानं घसा साफ केला आणि पहिला प्रश्न वाचला. “सर, विच नी?” कुठला गुडघा?

म्हणजे अक्काला माहीत होतं. तेल चोळलं त्या दिवसापासून माहीत होतं. माझे दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर होते... “नो नी,” मी म्हणालो. “आय वॉज अफ्रेड.” भाग्यानं ते शांतपणे लिहून घेतलं. त्या वहीत घाबरलेली माणसं बरीच होती, तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

आता पुढे जाब विचारला जाईल म्हणून मी अंग चोरून बसलो. पण पुढचे प्रश्न निराळेच होते. पहाटे किती वाजता उठवायचे? नाश्त्याला काय असायचं? मैदानाची माती मऊ होती की कडक? मुलींच्या खोल्या कुठल्या बाजूला होत्या? खिडकीतून मैदान दिसायचं का? मुलीही आठशे मीटर धावायच्या का, आणि त्यांच्यात सर्वांत वेगानं कोण धावायचं? हे सगळं विचारणारी सतरा वर्षांची होती, आणि तिला तिथे जायचं होतं. मी परत आल्यावर तिनं यातलं काहीच मला विचारलं नव्हतं, कारण मी विव्हळत होतो आणि ती माझा पाय चोळत होती. मला आठवलं तेवढं मी सांगितलं. मुलींच्या खोल्या कुठे होत्या ते आठवेना. मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं, याची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

आठ प्रश्न झाले. भाग्या खुर्चीवरून उठली, वही घेऊन बाजूला उभी राहिली. “मिस आस्क्स लास्ट क्वेश्चन, सर,” ती म्हणाली. खुर्ची रिकामी. तिनं वाचलं, “डिड दे कॉल शैलजाज नेम?” आणि मग ही शैलजा कोण, असं हळूच कन्नडमध्ये विचारलं, “शैलजा यारु, सर?”

“युअर मिस,” मी म्हणालो. त्यांना तिचं नावच माहीत नव्हतं. मी त्या वेताच्या खुर्चीकडे बघत होतो, आणि छोटी वाक्यं, इंग्रजी, नियम, सगळं विसरून माझ्या तोंडून मराठीच निघालं. “पुकारायचे गं, अक्का. रोज पुकारायचे. माझ्या नावाच्या आधी. आणि रोज मीच सांगायचो, आली नाही म्हणून.”

मुलांना मराठी येत नाही. भाग्या पेन उघडून थांबली होती. मी डोळे पुसले आणि तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं, सावकाश, तीन-चार शब्दांच्या वाक्यांत, आणि तिनं ते लिहून घेतलं.