टपालाची झोप

आमच्या घरात झोपेचाच धंदा आहे. खाली दुकान, वर घर. दादा गाद्या विकतो, वहिनी त्या भरते, मी खोळी शिवते. त्यामुळे दादाची लेक सकाळी उठेनाशी झाली, तेव्हा गल्लीला आयतंच कोलीत मिळालं. समोरचा इस्त्रीवाला तर मला म्हणाला, "तिच्या गादीत भरलाय तो कापूस आम्हालाही द्या की ताई." पहिल्यांदा मी हसले. तेच तो रोज म्हणायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं.

भाचीला घरात सगळे टपाल म्हणतात. दादानं वहिनीला न विचारता कापूस पिंजायचं मशीन विकलं आणि फोमच्या लाद्या आणून दुकानात रचल्या, तेव्हापासूनचं हे नाव. वहिनीचं अर्धं आयुष्य त्या मशीनपाशी गेलेलं. ती भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं. दादाही कमी हट्टी नाही, आमच्या घराण्यात तो गुण कुणालाच कमी मिळालेला नाही. आता पुढच्या खोलीत दादाचा फोम, मागच्या खोलीत बाहेरून पिंजून आणलेला वहिनीचा कापूस, आणि दोघांच्या मध्ये ही पोर.

"तुझ्या बाबांना सांग, दोरा संपलाय."

"तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत."

पोर मागच्या खोलीत जाऊन सांगायची, "बाबा आणतायत म्हणे." वाटेतल्या वाटेत बोलण्याची धार काढून टाकायची आणि उरलेलं पोचवायची. माझ्याकडे निरोप द्यायची दोघांचीही हिंमत नव्हती, कारण मी एकाचे दोन करून पोचवते.

कॉलेजात तिचा पहिला तास रसायनाच्या लॅबचा. तोच बुडायला लागला. मी हाका मारल्या, पांघरूण ओढलं, तोंडावर पाणीसुद्धा मारलं. ती ओल्या तोंडानं कूस बदलून पुन्हा गाढ. दुपारी उठली की डोळे सुजलेले, चेहरा अपराधी. शेवटी लॅबच्या बाईंनी तिला बजावलं, आता एक जरी प्रॅक्टिकल चुकलं तरी परीक्षेला बसू देणार नाही. म्हणजे वर्ष पाण्यात. या पोरीनं रात्र रात्र अभ्यास करून तिथे प्रवेश मिळवलेला, आणि आता झोपेपायी सगळं जायची वेळ आली.

कारणं सांगायला सगळे पुढे. वहिनी म्हणाली, फोन. दादा म्हणाला, आळस. इस्त्रीवाला म्हणाला, प्रेमात पडली असणार, त्याच्या बहिणीचं असंच झालं होतं. माझ्या मते अंगात रक्त कमी. मी तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. जेवतेस का, फोन किती बघतेस, उदास वाटतं का. रक्त तपासलं, ते ठणठणीत निघालं. माझा अंदाज तिथेच निकालात निघाला.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"शिंकांची," भाची म्हणाली. "कापूस उडतो ना घरात."

"त्यानं झोप येतेच. पण एका गोळीनं एवढी? किती घेतेस?"

ती माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. "दोन. जेवण झालं की आई एक देते. मग दुकान बंद करून बाबा वर येतात, ते एक देतात."

"आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही?"

"ते बोलत नाहीत."

"अगं, मग तू सांगायचंस!" हे मी ओरडले.

"आईला सांगितलं की बाबांनी दिलीय, तर आई म्हणणार, आज बरी आठवण झाली त्यांना. ते मी बाबांना सांगायचं. मग बाबा काहीतरी म्हणणार, ते परत आईला. त्यापेक्षा गोळी गिळलेली बरी, आत्या."

ती हे अगदी थकल्या आवाजात म्हणाली, आयुष्यभर नोकरी करून कंटाळलेल्या माणसासारखी. मला रडू यायला लागलं, म्हणून मी डॉक्टरीणबाईंवरच खेकसले, की लवकर लिहा काय ते. त्यांनी झोप न आणणारी गोळी लिहून दिली, सकाळी एकच.

घरी आल्यावर मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिले आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात दोघांची खरडपट्टी काढली. पोरीला तुम्ही दोघांनी मिळून झोपवलंत, म्हटलं. दादा फोमवर बोटं फिरवत राहिला. वहिनीचे हात कापसात तसेच थांबले. मग वहिनी म्हणाली, "टपाल, बाबांना सांग, आजपासून मी गोळी देणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

रात्रीच्या दोन्ही गोळ्या बंद झाल्या. पोर काही दिवस वेळेवर उठली, लॅबला गेली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण शेवटच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी तिच्या खोलीचं दार पुन्हा बंद. मी चिडून आत गेले, तर ती डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत पडलेली.

"जागी आहेस?"

"केव्हाची."

"मग उठत का नाहीस बाई? वर्ष जाईल ना!"

"उठले की सुरू होतं, आत्या." तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "झोपलेल्या माणसाला कुणी निरोप सांगत नाही."

मी तिच्या पायाशी बसले. एवढ्या सगळ्यांनी एवढी कारणं काढली आणि खरं कारण हे होतं. या घरात तिला विश्रांतीची ही एकच जागा उरली होती. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना.

तेवढ्यात खालून वहिनीची हाक आली. "उठली का गं ती? उठली असेल तर बाबांना विचारायला सांग, मोठ्या गादीची खोळ कुठली घालायची!"

मी भाचीला म्हटलं, "तू मागच्या जिन्यानं बाहेर पड आणि लॅब गाठ. चपला हातात घे."

आणि मी पुढच्या जिन्यानं खाली गेले. "झोपलीय," मी वहिनीला म्हटलं. "उठणार नाही. तूच विचार."

वहिनी हातात दोन खोळी घेऊन उभी. गिऱ्हाईक दुकानात खोळंबलेलं. शेवटी ती मधल्या दारापर्यंत गेली. "यातली कुठली?" तिनं विचारलं. दादा दचकला. त्यानं आधी तिच्या मागे बघितलं, मग जिन्याकडे.

"टपाल कुठंय?" त्यानं जोरात विचारलं.

"हळू," वहिनी म्हणाली. "झोपलीय ती."

"निळी घाल," दादा हळूच म्हणाला.

"निळी लहान पडेल."

"मग कडेला पट्टी जोडू या."

गिऱ्हाईक गेलं तरी त्यांचं चालूच होतं, पट्टीचं, दोऱ्याचं, मग त्या विकलेल्या मशीनचंसुद्धा. वहिनीचा आवाज चढला की दादा बोटानं वर दाखवायचा, दादाचा चढला की वहिनी. पोर जागी होईल म्हणून दोघं कुजबुजत भांडत होते. मी खोळ शिवत बसले होते. वर कुणीच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.