गेंड्याचा न खेळलेला सामना

गेंड्याला मान म्हणून नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं, म्हणून तर हे नाव पडलं. रग्बीत अशा माणसाची जागा ठरलेली. आठ विरुद्ध आठ धिप्पाड गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात हा अगदी पहिल्या रांगेत. देशाकडून अकरा सामने खेळला. बारावा होता स्पर्धेचा अंतिम सामना, आणि त्यासाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं.

पण महिनाभर त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरी मात्र थोरली बहीण होती, शिवणकाम करणारी. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं, तिची नजर चुकवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. सामन्याच्या दोन दिवस आधी तिनं पाहिलं, हा बाबा शर्टाची बटणं डाव्या हातानं लावतोय आणि उजवा नुसता लोंबतोय. तिनं शिलाईचं मशीन बंद केलं आणि तडक प्रशिक्षकांकडे गेली.

संध्याकाळी संघाच्या यादीत गेंडा नव्हता. तपासणीत मानेचा मणका सरकलेला निघाला. आणखी एक रेटा बसता तर दोन्ही हात कायमचे गेले असते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

खरं तर यानं तेव्हाच बहिणीचे पाय धरायचे! पण नाही. "तू माझं आयुष्य मातीत घातलंस," एवढं बोलला आणि अबोला धरला. दोन वर्षं. बायकोला घेऊन वेगळा राहायला गेला; ताई आपली तिच्याकडे त्याची खुशाली विचारायची.

ऑपरेशननंतर तो खिडक्यांना काचा बसवायचं काम शिकला. पहिल्यांदा दुकानाची पुरुषभर उंच काच दोन्ही हातांत तोलून धरली, तेव्हाच त्याला सगळं कळून चुकलं होतं. पण कबूल करायला जीभ रेटेना. अकरा सामन्यांत एवढी लाज वाटली नव्हती.

मग मुलगी झाली. नर्सनं बाळ त्याच्या हातांत दिलं. दहाही बोटांना तो ऊबदार भार कळला, आणि गेंडा हमसून हमसून रडला. ताई दाराबाहेरच थांबली होती, न बोलावता आत यायला कचरत होती. तो उठून तिच्याकडे गेला.

"आधी तू घे हिला," तो म्हणाला. "हे हात तू राखलेस, ताई."

ताईनं भाचीला पोटाशी धरलं.

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन हं," ती म्हणाली. "मग चार वर्षं बोलू नकोस."